लोणारच्या काठाबाहेरचे लोणार

लोणारला येणारा माणूस धारेखाली डोके भिजवतो, दैत्यसूदनाच्या देवळावरची शिल्पे पाहतो आणि मग विवराच्या काठावर येऊन उभा राहतो. समोर पावणेदोन किलोमीटरहून रुंद असा जवळजवळ गोल खड्डा, तळाशी हिरवट खारे पाणी, पाण्याला खेटून झाडीची कड आणि झाडीत कमळजा देवीचे देऊळ. फोटो निघतात, कुणी खाली उतरते, कुणी वरूनच हात जोडते. सगळे जण विवराच्या आत पाहतात. काठाकडे पाठ करून बाहेरच्या शेतांकडे पाहणारा माणूस मला तिथे क्वचितच दिसला आहे. मीही पहिल्या तीन-चार खेपांना पाहिले नव्हते.

एका उन्हाळ्यात ते पाहिले. काठापासून अर्ध्या-पाऊण किलोमीटरवर एका शेताच्या कडेला घराच्या पायासाठी जेसीबीने खड्डा खणला होता. खड्ड्याची भिंत ताजी होती, ऊन तिरपे पडले होते, त्यामुळे सगळे स्पष्ट दिसत होते. मुठीएवढे, नारळाएवढे, मधेच एखाद्या टोपलीएवढे काळ्या दगडाचे धारदार तुकडे, आणि त्यांच्या फटींत घट्ट बसलेली भुकटी. थर असा कुठे नाही. मोठे खाली, लहान वर अशी निवडही नाही. वाहत्या पाण्याने आणून टाकलेला दगड असा कधी दिसत नाही. मी बराच वेळ वाकून पाहतो आहे म्हटल्यावर शेताचे मालक जवळ आले. "काय पाह्यता भाऊ? मुरूमच तं हाय तो."

त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. वऱ्हाडात जमीन खणली की काळ्या मातीखाली मुरूम लागतो, हे पिढ्यान्‌पिढ्यांचे ज्ञान आहे. पण मुरूम म्हणजे जागच्या जागी कुजून भुसभुशीत झालेला बेसॉल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळा दगड. या खड्ड्यातला दगड तिथला नव्हताच. तो विवराच्या पोटातून उपटला गेला होता, हवेतून आला होता आणि काही क्षणांत तिथे येऊन पडला होता.

माझे म्हणणे एवढेच आहे की लोणारचे तळे, देवळे आणि झाडी वाचवण्यासाठी आपण जे काही केले, त्यात लोणारला लोणार बनवणारी वस्तू वगळली गेली आहे. ती वस्तू म्हणजे दगड. आणि त्यातला सर्वांत बोलका दगड काठाच्या बाहेर, लोकांच्या सातबाऱ्यावर आहे.

हे नीट पटायचे तर विवर कसे होते ते थोडे पाहावे लागते. चिखलात दगड टाकला की खळगा पडतो, तसे काहीतरी झाले असावे असे आपण समजतो. तसे ते नसते. अवकाशातून येणारा मोठा अशनी सेकंदाला पंधरा-वीस किलोमीटर अशा वेगाने आदळतो. त्या वेगात साठलेली ऊर्जा एका क्षणात खडकात उतरते आणि दाबाची एक लाट खडकातून पसरत जाते. त्या लाटेपुढे बेसॉल्टसारखा कठीण दगडही क्षणभर द्रवासारखा वागतो. जिथे आघात झाला तिथला भाग वितळतो, काही वाफ होऊन जातो. त्याभोवतीचा भाग ठिकऱ्या होऊन वर आणि बाहेर उधळला जातो. विवर खोदले जायला काही सेकंद पुरतात. काठावरचे थर तर गोधडीची कड दुमडावी तसे उलटे होऊन बाहेर पडतात, म्हणजे मुळात खाली असलेला लाव्हाचा थर वर येतो आणि वरचा खाली जातो. लोणारच्या काठावर हे उलटे पडलेले थर आजही ओळखता येतात. काठ आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वीसेक मीटर उंच का आहे, याचे उत्तर तिथे आहे.

उधळलेल्या मलब्याचे जे जाड पांघरूण भोवती पसरते, ते या सगळ्या घटनेचा पंचनामा असते. कुठला तुकडा किती लांब गेला, कोणत्या दिशेला मलबा जास्त पडला, यावरून अशनी कोणत्या बाजूने आणि किती तिरपा आला याचा अंदाज बांधता येतो. या पांघरुणात दोन प्रकारचा माल असतो. खाली न वितळलेल्या, नुसत्या फुटलेल्या तुकड्यांचा जाड थर आणि त्यावर वितळलेल्या काचेचे तुकडे, बारीक काचमणी आणि तीव्र आघात सोसलेले खनिज मिसळलेला पातळ थर. हा वरचा थर फार थोड्या ठिकाणी शिल्लक आहे आणि तोच सर्वांत मोलाचा आहे. नांगर, जेसीबी आणि पावसाचे पाणी सर्वांत आधी त्यालाच गाठतात.

लोणारचे मूळ उलगडायलाच दीडशे वर्षे लागली. १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने या जागेची नोंद केली. पुढे बराच काळ हे ज्वालामुखीचे काम आहे असेच मानले गेले, आणि ते साहजिक होते. दख्खनचा सगळा प्रदेशच लाव्हाचा. लाव्हाच्या प्रदेशात गोल खड्डा दिसला की ज्वालामुखीच आठवणार. अमेरिकेतले नामवंत भूवैज्ञानिक ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी अ‍ॅरिझोनातल्या विवराचा अभ्यास करून ते वाफेच्या स्फोटाने झाले असा निष्कर्ष काढला होता, आणि १८९६ मध्ये त्यांनी त्या विवराचे लोणारशी साम्य दाखवले. साम्य त्यांनी अचूक पाहिले होते, निष्कर्ष दोन्हीकडे चुकला. अ‍ॅरिझोनातले विवर अशनीपाताचेच, हे १९६० मध्ये तिथल्या खडकात कोएसाइट हे प्रचंड दाबाखाली तयार होणारे खनिज सापडल्यावर पक्के झाले. लोणारचा निकाल १९७३ मध्ये लागला. तळ्याच्या गाळाखाली खोल बोअर घेतल्यावर ठिकऱ्या उडालेला खडक मिळाला आणि त्यात मास्केलिनाइट मिळाले.

मास्केलिनाइटबद्दल थोडे थांबून सांगायला हवे, कारण त्यात एक भारतीय धागा आहे. बेसॉल्टमध्ये प्लेजिओक्लेज नावाचे फेल्डस्पार भरपूर असते. हवेच्या दाबाच्या सुमारे तीन लाख पट दाब क्षणभर पडला, तर हे स्फटिक न वितळताच काचेसारखे होते. बाहेरून आकार स्फटिकाचा राहतो, आतली अणूंची शिस्त मोडलेली असते. कुठल्याही ज्वालामुखीत एवढा दाब तयार होत नाही. हा पदार्थ पहिल्यांदा ओळखला गेला तो १८६५ मध्ये बिहारमधल्या शेरघाटी इथे पडलेल्या अशनीत. पुढे कळले की तो अशनी मंगळावरून आलेला आहे. मंगळावर झालेल्या एका आघाताची खूण घेऊन एक दगड बिहारमध्ये पडतो आणि तीच खूण शंभर वर्षांनी बुलढाणा जिल्ह्यातल्या तळ्याखाली सापडते. ही गोष्ट आपल्या शाळांमध्ये प्रत्येक मुलाला सांगितली गेली पाहिजे असे मला मनापासून वाटते.

लोणारचे जगातले स्थानही याच कारणाने वेगळे आहे. पृथ्वीवर आजवर पक्की ठरलेली अशनीपाताची विवरे दोनशेच्या आसपास आहेत. वारा, पाऊस, नद्या आणि भूपट्टांची हालचाल यांनी बाकीची पुसून टाकली. जी उरली त्यांतली बहुतेक ग्रॅनाइट, वालुकाश्म, चुनखडक अशा खडकांत आहेत. चंद्राचे काळे डाग आणि मंगळाचा मोठा पृष्ठभाग मात्र बेसॉल्टचा. बेसॉल्टमध्ये झालेले, इतके ताजे आणि इतके शाबूत साधे विवर म्हणून जगभरचे अभ्यासक लोणारकडे येतात. मंगळावर क्युरिऑसिटी ही गाडी २०१२ मध्ये गेल विवरात उतरली आणि पर्सिव्हरन्स २०२१ मध्ये जेझिरो विवरात. दोन्ही विवरांत एके काळी तळी होती. बेसॉल्ट, विवर, त्यात साठलेले पाणी आणि त्या पाण्यात तग धरणारे सूक्ष्मजीव हे सगळे एकत्र पाहायचे असेल तर मेहकरहून एसटी पकडता येते.

आणखी एक योगायोग. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी डायनोसॉर का संपले, या वादात दोन संशयित आहेत. एक मेक्सिकोतल्या चिक्शुलूब इथला अशनीपात, दुसरा दख्खनच्या लाव्हाचा महापूर. आज बहुतेकांचा कल पहिल्याकडे असला तरी दुसऱ्याचा वाटा किती, हा वाद चालूच आहे. लोणारच्या कड्यात दख्खनच्या लाव्हाचे थर एकावर एक उघडे पडले आहेत, आणि ते उघडे पाडले एका अशनीने. दोन्ही संशयितांची ओळखपरेड एकाच जागी उभे राहून करता येते.

आता कायद्याकडे येतो. लोणारला संरक्षण नाही असे कुणी म्हणू नये. २००० पासून ते अभयारण्य आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये ते रामसर पाणथळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून जाहीर झाले. देवळांपैकी अनेक पुरातत्त्व खात्याच्या रक्षणाखाली आहेत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने लोणारला राष्ट्रीय भूवारसा स्मारकाचा दर्जा दिला आहे. उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ वर्षानुवर्षे या जागेचा पाठपुरावा करते आहे. म्हणजे झाड, पक्षी, पाणी, देऊळ या प्रत्येकाच्या मागे एकेक कायदा उभा आहे. दगडामागे कोणता? भूवारसा स्मारक हा सन्मान आहे, त्यामागे दंडाची तरतूद असलेला कायदा नाही. वन्यजीव कायदा अभयारण्याच्या आतल्या दगडाला अप्रत्यक्ष आडोसा देतो. पुरातत्त्वाचा कायदा माणसाने घडवलेल्या वास्तूला ओळखतो, निसर्गाने घडवलेल्या खडकाला ओळखत नाही. अभयारण्याभोवतीच्या परिसरात खाणींवर निर्बंध असले, तरी शेताचे सपाटीकरण, घराचा पाया, विहीर, रस्त्याच्या भरावासाठी उचललेले दोन ट्रॅक्टर अशा रोजच्या गोष्टींवर त्यांचा परिणाम होत नाही. आणि झीज नेमकी तिथेच होते.

एक ढोबळ हिशेब करून पाहा. अभयारण्य ३.६५ चौरस किलोमीटरचे आहे, म्हणजे विवर आणि त्याच्या काठाला लागून थोडी जमीन. उधळलेल्या मलब्याचे सलग पांघरूण काठापासून सरासरी १,३५० मीटरपर्यंत पसरलेले आहे. विवराचा व्यास १.८३ किलोमीटर धरला तर या पांघरुणाचे क्षेत्रफळ सुमारे १३ चौरस किलोमीटर भरते. संरक्षित क्षेत्राच्या साडेतीन पट पुरावा संरक्षणाच्या बाहेर आहे. त्यावर लोणार गावाचा मोठा भाग वसलेला आहे, शेते आहेत, रस्ते आहेत.

पुरावा म्हणतो तो कशाचा, असे कुणी विचारील. सगळे तर १९७३ मध्येच सिद्ध झाले ना? सिद्ध झाला तो फक्त आघात. केव्हा झाला, यावर आजही एकमत नाही. काचेच्या तुकड्यांवरून एका पद्धतीने वय सुमारे ५२ हजार वर्षे निघाले. २०११ मध्ये वितळून गोठलेल्या खडकातल्या आर्गॉनवरून केलेल्या मोजणीत ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे आले. दहापटीहून मोठा फरक. हा तपशिलाचा वाद नाही. पहिले वय खरे असेल तर त्या वेळी या प्रदेशात आपल्यासारखी माणसे असण्याची शक्यता आहे. दुसरे खरे असेल तर आपली मानवजातच अजून जन्मली नव्हती. शिवाय या विवराचा काठ इतका काळ पावसात कसा टिकला, तळाशी साठलेला गाळ किती जुना, या प्रश्नांची उत्तरेही बदलतात. निर्णय करायचा तर चांगले, न कुजलेले नमुने लागतील. ते काठाबाहेरच्या त्या पातळ थरात आहेत. मलब्याच्या तळाशी, आघाताच्या क्षणी उघडी असलेली जुनी जमीनही दबून पडलेली आहे. मी पाहिलेल्या खड्ड्याच्या तळाशी गडद मातीची एक रेघ दिसत होती. ती तीच जमीन होती का, हे एखाद्या जाणकाराने तिथे उभे राहून सांगायला हवे होते.

तळ्याच्या आतही असेच आहे. लोणारच्या तळ्यातून पाणी बाहेर जायला वाट नाही. झरे आणि पाऊस आत येतात, आणि वाफ एवढीच बाहेर जाते. म्हणून ते इतके खारे आणि क्षारयुक्त झाले. जुन्या काळी इथले क्षार साबण आणि काच यांसाठी काढले जात. त्याच बंदिस्तपणामुळे तळाचा गाळ वर्षामागून वर्ष शांतपणे साठत गेला. त्यातला सुमारे दहा मीटरचा गाभा काढून गेल्या अकरा हजार वर्षांतल्या पावसाची कहाणी वाचली गेली आहे. पाऊस ओसरला की तळे आटते, खारटपणा वाढतो आणि गेलुसाइट या खनिजाचे स्फटिक गाळात तयार होतात. त्यावरून दीर्घ अवर्षणाचे दोन कालखंड ओळखता आले. त्यातला एक सुमारे चार हजार वर्षांपूर्वी संपला. विदर्भ-मराठवाड्याच्या सीमेवर, जिथे एक पाऊस चुकला की घरे कोलमडतात, तिथे मान्सूनची इतकी जुनी वही आपल्या हाताशी आहे. बंदिस्त तळ्यात जे टाकू ते तिथेच राहते, सांडपाणीही आणि साबणाचा फेसही. जून २०२० मध्ये तळे गुलाबी झाले तेव्हा देशभर बातमी झाली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तो रंग खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा असल्याचे दाखवले. तेवढे दिवस सगळे पाण्याकडे पाहत होते. त्याच उन्हाळ्यात काठाबाहेर किती खड्डे खणले गेले, याची नोंद ठेवण्याची जबाबदारी कुणावरच नव्हती.

मग कायदा करावा का? करावा. केंद्राच्या खाण मंत्रालयाने डिसेंबर २०२२ मध्ये भूवारसा स्थळे आणि भूअवशेष यांच्या जतनासाठी विधेयकाचा मसुदा लोकांपुढे ठेवला. असा कायदा इतकी वर्षे नव्हता हीच खेदाची गोष्ट आहे, त्यामुळे मसुद्याचे मी स्वागत करतो. पण जसा तो आला तसा मला मान्य नाही. त्यात निर्णयाचा अधिकार केंद्राकडे आणि भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे एकवटला आहे. जमीन संपादनाची वाट मोकळी ठेवली आहे. त्या जमिनीवर राहणाऱ्यांचा आवाज मात्र त्यात क्षीण आहे. शिवाय खाणींचा कारभार पाहणाऱ्या मंत्रालयानेच खडकांचा राखणदार व्हावे, यात हितसंबंधांचा उघड पेच आहे. संरक्षणाचे काम पर्यावरण किंवा संस्कृती खात्याकडे, नाहीतर स्वतंत्र मंडळाकडे हवे.

संपादनाचा मुद्दा मला सर्वांत जास्त टोचतो. लोणारच्या शेतकऱ्याला उद्या कळले की आपल्या शेतात जगाला हवा असलेला दगड आहे आणि तो सापडला तर शेत जाऊ शकते, तर तो काय करील? कुणाला कळायच्या आत रातोरात सपाटीकरण करून घेईल. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केले असते. दगडाचे मोल वाढवणारा कायदा दगडाचा मालक धोक्यात आणत असेल, तर तो दगड वाचत नाही.

जगात दुसऱ्या वाटा आहेत. अ‍ॅरिझोनातले विवर आजही खासगी मालकीचे आहे. डॅनियल बॅरिंजर यांनी १९०३ पासून तिथे लोखंडाच्या शोधात खोदकाम केले. हाती लोखंड लागले नाही, पण हे अशनीपाताचे विवर आहे हा त्यांचा आग्रह खरा निघाला. विवर त्यांच्या कुटुंबाकडे राहिले. १९६७ मध्ये सरकारने त्याला राष्ट्रीय नैसर्गिक स्थळाचा दर्जा दिला, मालकी न घेता. अपोलोचे अंतराळवीर तिथे सरावाला गेले. आज तिकिटाच्या उत्पन्नावर त्याची निगा राखली जाते. जर्मनीतले रीस विवर लोणारशी आणखी जवळचे आहे, कारण तिथे माणसे राहतात. सुमारे दीड कोटी वर्षे जुने, चोवीस किलोमीटर रुंद असे हे विवर, आणि त्याच्या आत नोर्डलिंगन हे तटबंदीचे टुमदार गाव. गावातल्या सेंट जॉर्ज चर्चचा दगड सुएव्हाइट, म्हणजे आघातात वितळून आणि फुटून पुन्हा घट्ट झालेला. शतकानुशतके लोकांनी तो इमारतीचा दगड म्हणून वापरला, अगदी आपल्या मुरमासारखा. १९६० च्या सुमारास युजीन शूमेकर आणि एडवर्ड चाओ यांनी त्या दगडात कोएसाइट दाखवले. त्यानंतर गाव उठवले गेले नाही. जुन्या दगडखाणींपैकी महत्त्वाच्या निवडून राखल्या गेल्या, गावात विवराचे संग्रहालय झाले, आणि २०२२ मध्ये तो सगळा प्रदेश युनेस्कोचा जागतिक भूउद्यान झाला. शेती चालू आहे, घरे बांधली जात आहेत. अशी भूउद्याने जगात दोनशेहून अधिक आहेत. भारतात एकही नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये पाचगणी-महाबळेश्वरचे दख्खनचे थर जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेले, याचा मला आनंद आहे. पण ती वाट वेगळी आहे. लोकवस्तीसह जपायच्या लोणारसारख्या जागेला भूउद्यानाचा साचा जास्त योग्य आहे, असे माझे मत आहे.

मला हवे आहे ते काही फार अवघड नाही. मलब्याच्या पांघरुणाचा नकाशा अभ्यासकांनी केलेला आहे. तो गट क्रमांकांवर बसवावा आणि ज्या गटांत महत्त्वाचा थर आहे त्यांच्या सातबाऱ्यावर एवढीच नोंद करावी की नांगराच्या खोलीपेक्षा जास्त खणायचे असेल तर आधी कळवा. परवानगी नको, फक्त कळवा. कळवल्यावर ठरलेल्या दिवसांत कुणीतरी येऊन छेद मोजेल, फोटो घेईल, नमुने घेईल आणि जाईल. आला नाही, तर खणायला मोकळीक. थोड्या निवडक जागा, दहा-पंधरा असतील, तशाच उघड्या राखायच्या असतील तर त्या मालकाला दरवर्षी पिकाइतके भाडे द्यावे. मुरूम तर या भागात कुठेही मिळतो. सगळा जिल्हाच बेसॉल्टचा आहे. काठापासून दोन किलोमीटरच्या आत कुणी मुरूम उचलू नये म्हणून पलीकडून आणायचा वाहतूक खर्च सरकारने सोसला, तर ती रक्कम एका बागेच्या सुशोभीकरणापेक्षा कमी भरेल. घेतलेले नमुने मात्र लोणारमध्येच राहिले पाहिजेत. आज इथला दगड पाहायचा तर दूरच्या प्रयोगशाळांत जावे लागते आणि लोणारच्या शाळेतल्या मुलीने तो हातात घेतलेला नसतो.

याला होणारा विरोध मी ऐकलेला आहे. गावाला आठवड्यातून पाणी किती वेळा येते ते आधी पाहा, मग दगडांचे बोला. हा आक्षेप मी बाजूला सारणार नाही. लोणारने आजवर अभयारण्याचे नियम सोसले, न्यायालयाचे आदेश सोसले, पर्यटक आले तरी त्यातून गावाच्या हाती फारसे लागले नाही. आणखी एक बंधन घेऊन कुणी शहरी माणूस आला तर त्याला लोकांनी काय म्हणून ऐकावे? म्हणूनच मी परवानगीऐवजी कळवणे म्हणतो, संपादनाऐवजी भाडे म्हणतो आणि हा दगड ओळखणारे वाटाडे लोणारचेच असावेत म्हणतो. पण पाणी की दगड, अशी निवड गावापुढे ठेवणे मला मान्य नाही. दोन्हींचे पैसे एकाच पाकिटातून जात नाहीत.

श्रद्धेशी भांडण तर मुळीच नाही. उलट लोणासुराची कथा मला या जागेची पहिली भूवैज्ञानिक नोंद वाटते. लोणासुर जमिनीखालच्या विवरात राहत होता, विष्णूने त्या विवराचे झाकण उडवले, ते लांब जाऊन पडले आणि दैत्य मारला गेला. ज्यांनी ही कथा रचली त्यांनी आघात पाहिला असेल असे मी म्हणत नाही. पण त्यांनी जमीन नीट पाहिली होती. एवढ्या मोठ्या खड्ड्यातला दगड गेला कुठे, हा प्रश्न त्यांना पडला आणि तो बाहेर फेकला गेला हे उत्तर त्यांना सुचले. गिल्बर्टसारख्या माणसाला जे जमले नाही त्याच्या जवळ ते पोहोचले होते. आणि देवळे होती म्हणून विवराच्या आतला भाग शतकानुशतके राखला गेला. काठाबाहेरच्या शेतांना असे राखणदार देव नव्हते.

हा प्रश्न एकट्या लोणारचाही नाही. मध्य प्रदेशातल्या शिवपुरी जिल्ह्यातले ढाला विवर दीड अब्ज वर्षांहून जुने आहे. राजस्थानात बारां जिल्ह्यातल्या रामगढ विवरात जुने शिवमंदिर आहे. कच्छमधल्या लुना गावाजवळच्या खळग्याचा २०२४ मध्ये अशनीपाताचे विवर म्हणून अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि त्याचे वय तर सात हजार वर्षांच्या आतले निघाले. लोणारमध्ये जे बसवू ते या तिन्ही ठिकाणी नेता येईल. लोणारमध्ये जमले नाही तर तिथेही जमणार नाही, कारण कायदे, संस्था आणि लोकांचे लक्ष एवढे कुठल्याच विवराच्या वाट्याला आलेले नाही.

पुढच्या वर्षी मी त्या शेतावर पुन्हा गेलो. खड्डा भरला होता, जोते उठले होते, विटांच्या दोन भिंती उभ्या होत्या. काकांनी ओळखले. चहा झाला. तुमच्या घराखाली काय होते ते मी त्यांना सांगितले, जेवढे मला सांगता येत होते तेवढे. ते बराच वेळ जोत्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "कोणी सांगतलं असतं तं चार दिवस थांबलो असतो ना भाऊ."